लोणारचं वय कुणाला विचारायचं?

मंडळी, अकरावीला प्रवेश घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, पीसीएम की पीसीबी? तिथून जी भिंत सुरू होते ती एम.एस्सी.पर्यंत उंचच होत जाते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, बुधवारी सगळ्या विभागांसाठी मिळून एक व्याख्यान असतं. बोलणारा कुठल्याही विषयाचा. ऐकायला गणितवाले, जीवशास्त्रवाले, खगोलवाले. त्यामुळे स्वतःच्या विषयातली ठेवणीतली भाषा तिथे चालत नाही.

हे रिसोडला का सांगतोय? कारण इथून तासाभरावर लोणार आहे, आणि ते एका विषयाच्या आवाक्यातलं नाही.

विवराचं वय घ्या. बऱ्याच ठिकाणी 52 हजार वर्षं असं वाचायला मिळतं. तो आकडा थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीचा. 2011 साली आरगॉन पद्धतीने वय आलं 5 लाख 70 हजार वर्षं, 47 हजार इकडेतिकडे. म्हणजे जवळजवळ अकरा पट! (हशा) दोघांनीही मोजली ती आघाताच्या उष्णतेने वितळून बनलेली काच आणि खडक. मग घोळ कुठे?

आसपासच्या किरणोत्सारामुळे खनिजांत इलेक्ट्रॉन अडकत जातात. तापवलं की ते सुटतात, प्रकाश देतात. प्रकाश जास्त तर काळ जास्त. पण काही इलेक्ट्रॉन आपोआपच निसटत असतील तर? गळक्या माठातलं पाणी मोजून तो कधीपासून भरतोय हे सांगण्यासारखं झालं. वय कमीच भरणार.

आरगॉनचं उलटं. खडकातल्या पोटॅशियमपासून ठरावीक वेगाने आरगॉन वायू बनतो. खडक वितळला की जुना वायू उडून जातो, घड्याळ शून्यावर येतं. मात्र आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातला थोडा आरगॉन मागे राहिला की वय फुगतं. 2011च्या संशोधकांनी हा मागे राहिलेला आरगॉन हिशेबात धरला होता, म्हणून मला त्यांचा आकडा जास्त पटतो. पण हे तपासायला भूगर्भवाल्याला भौतिकीवाल्याशी बोलावंच लागतं.

आणि शेतकऱ्यांच्या कामाचं तर सरोवराच्या तळाशी आहे. तिथल्या गाळाचे थर तपासून गेल्या सुमारे 11 हजार वर्षांच्या पावसाचा अंदाज बांधलाय. 2014 साली तो प्रसिद्ध झाला. गाळात दोन ठिकाणी गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक सापडतात. पाणी खूप आटून खारट झालं की ते तयार होतात. एक थर 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. म्हणजे शेकडो वर्षं पावसाने ओढ दिलेली. आपण दोन वर्षं पाऊस हुकला तर सोयाबीन मोडायची भाषा करतो! हे स्फटिक ओळखले खनिजवाल्यांनी, गाळाची वयं काढली कार्बनवाल्यांनी, आणि पॅसिफिक महासागराच्या तापमानाशी धागा जोडला हवामानवाल्यांनी.

बरं, आता प्रश्न विचारा. पीसीबीवाले आधी.