दगडाचा धागा, राडारोड्याची खडी

करमाळ्याला दगडाची ददात कधीच नव्हती. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी कमलाभवानीचे मंदिर उभारले. तिथली ९६ पायऱ्यांची दगडी बारव पाहायला आजही लोक येतात. आजचे स्लॅब पडतात तेही दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या खडीवरच. मग पाडलेल्या भिंतीची, फोडलेल्या स्लॅबची खडी कोण विचारणार?

विचारायला सुरुवात झाली आहे. २०१६ साली राडारोड्याचे केंद्रीय नियम आले. त्याच वर्षी सुधारलेल्या आयएस ३८३ या मानकाने जुन्या काँक्रीटच्या खडीला दार उघडले: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, तर सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंत २० टक्के. पुण्याच्या चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सुरुंगांनी उडवला, तरी सळयांच्या जोरावर त्याचा काही भाग उभाच राहिला आणि यंत्रांनी पाडावा लागला. असे काँक्रीट कचरा म्हणून नाल्याकाठी ओतणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

गंमत अशी, की जुन्या खडीतला दगड म्हातारा झालेला नसतो. साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट एखाद्या घराच्या चाळीस वर्षांत काय थकणार? खोट असते ती त्याला चिकटलेल्या जुन्या मसाल्यात. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. ताज्या बेसाल्ट खडीचे जलशोषण एखाद-दोन टक्के, तर या खडीचे पाच टक्क्यांवरही जाते. शिवाय जुना मसाला आणि नवे सिमेंट यांच्या सांध्यात बारीक तडे लवकर धरतात.

तिथे बेसाल्टचाच धागा कामाला येतो. साधारण १,४०० ते १,५०० अंश सेल्सियसला दगड वितळवून प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक छिद्रांतून त्याची तार ओढतात. जाडी दहा-वीस मायक्रॉन, रंग तपकिरी-सोनेरी, आणि गंजाची भीती नाही. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल धे या फ्रेंच संशोधकाने त्याचे अमेरिकन पेटंट घेतले. पुढे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ही विद्या लष्करासाठी जोपासली. आज मोठे उत्पादन रशिया आणि चीनमध्ये होते. प्रत्येक बेसाल्टची तार निघत नाही. सिलिकाचे प्रमाण जुळावे लागते, दगड एकसारखा लागतो. त्यामुळे पायाखाली कातळ असला, तरी उद्या तालुक्यात भट्टी पेटेल असे नाही.

काँक्रीटमध्ये धाग्याचे तुकडे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे असतात. घनफळाच्या ०.१ टक्का म्हणजे घनमीटरला जेमतेम पावणेतीन किलो. तडा रुंदावू लागला की धागा दोन्ही कडा धरून ठेवतो. म्हणून वाकण्याची आणि ताणाची ताकद ठळक वाढते, दाबाची मात्र फारशी नाही. हौसेने जास्त टाकला तर गुठळ्या होतात, मिश्रण घट्ट होते आणि गवंडी पाणी ओततो. मग सगळेच मुसळ केरात. सिमेंटच्या क्षारात हा धागा वर्षानुवर्षे किती टिकतो, हा प्रश्नही संशोधकांना सुटलेला नाही. सळईची जागा तो घेऊ शकत नाही.

करमाळ्यासारख्या गावात जुनी खडी आणि धागा यांच्या काँक्रीटची सुरुवात फरसबंदीच्या ठोकळ्यांपासून, गल्लीतल्या सिमेंट रस्त्यापासून व्हावी. घराच्या स्लॅबपासून नको. विटा, माती, लाकूड वेगळे काढायचे, खडी चाळून धुवायची, आदल्या दिवशी भिजवून वरचे पाणी निथळू द्यायचे आणि नमुन्याचे ठोकळे २८ दिवसांनी फोडून पाहायचे. पुढची गाडी मागवायची ती ते आकडे हातात आल्यावर.