कावळ्याची चोच आणि दोन लाख वाहिन्या

मूळचे वसमतचे आणि सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. त्यांच्या कंपनीत ॲप्लिकेशनच्या कामगिरीवर लक्ष ठेवणारी सेवा आहे आणि तिला आता एआय एजंट जोडायचं ठरलंय. रात्री-अपरात्री वाजणारे अलार्म तो परस्पर निस्तरेल, असं सांगितलं जातं. यात विज्ञान किती आणि जाहिरात किती, असं त्यांनी विचारलंय. प्रश्न पुण्याहून आला असला, तरी उत्तर द्यायला मला त्यांच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्यात जावं लागणार आहे.

आधी ही देखरेख म्हणजे काय ते पाहू. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला साइट बंद पडते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पण शेतकऱ्यानं एकदा बटण दाबलं, की ती विनंती कोणत्या सर्व्हरवर गेली, डेटाबेसनं किती मिलिसेकंद घेतले, गाडं नेमकं कुठे अडलं, या सगळ्याची मागे नोंद राहू शकते. नुसत्या सरासरीवर विसंबणं धोक्याचं असतं. 99 जणांचं पान अर्ध्या सेकंदात उघडलं आणि शंभराव्याला 40 सेकंद लागले, तरी सरासरी एका सेकंदाच्या आतच राहते. म्हणून अशा सेवा हजारो आकडे वेगवेगळे जपतात आणि एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की घंटा वाजवतात. दुखतंय हे घंटेवरून कळतं, का दुखतंय ते कळत नाही.

‘का’ शोधण्याचा छंद जगात सर्वांत टोकाला कुणी नेला असेल, तर कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लिगो वेधशाळांच्या मंडळींनी. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, टोकांना 40 किलोचे आरसे आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक. इतक्या हळव्या यंत्राला लहरीपेक्षा लहरीसारखं भासणारं दुसरंच काही जास्त ऐकू येतं : लांबवरची मालगाडी, जंगलातली वृक्षतोड, वारा, भूकंप. म्हणून मुख्य संकेताच्या जोडीला प्रत्येक वेधशाळेत दोन लाखांहून अधिक साहाय्यक वाहिन्यांवर नोंद चालू असते. त्यात मायक्रोफोन, कंपनमापक, चुंबकमापक, विजेचा दाब, आरशांच्या टांगणीची स्थिती असं सगळं येतं. यंत्राच्या कामगिरीवर स्वतः यंत्रापेक्षा मोठी पाळत!

2017च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड वेधशाळेत सुमारे 90 हर्ट्झला अवेळी ठोके दिसू लागले. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट शोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी भुजेच्या टोकाजवळच्या मायक्रोफोनची नोंद तपासली, तर तिथेही त्याच क्षणी टकटक. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, तेव्हा द्रवरूप नायट्रोजनच्या नळीवर साचलेल्या बर्फात चोचीच्या खुणा सापडल्या. रेव्हन जातीचे कावळे पाण्यासाठी बर्फ फोडत होते, आणि ते कंपन नळीतून थेट यंत्रात पोचत होतं. आपल्या गोष्टीतल्या कावळ्याला खडे तरी गोळा करावे लागले होते. शेवटी नळीवर बर्फ साचणार नाही अशी तजवीज करण्यात आली. मला हा किस्सा कृष्णविवरांच्या टकरीइतकाच आवडतो.

गोंगाटातून संकेत वेचण्याच्या या विद्येत एक मराठी नाव ठळक आहे आणि ते आपल्याकडे फारच कमी घेतलं जातं. पुण्याच्या ‘आयुका’मधले संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह 1991 मध्ये एक निबंध लिहिला. दोन तारे एकमेकांत विलीन होताना निघणाऱ्या लहरी पकडायच्या, तर अपेक्षित लहरींचे किती आणि कोणते नमुने गोंगाटावर ताडून पाहायचे, हा त्याचा विषय. तेव्हा लिगो उभीसुद्धा नव्हती. पुढे 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर सापडली आणि टाळ्या यंत्राला पडल्या. त्या नोंदीतून लहर ओळखण्यामागचं असलं गणित मात्र पहिल्या पानावर आलं नाही.

पण नमुना ताडून पाहायचा, तर तो आधी माहीत हवा. कावळ्याचा नमुना कुणाकडे होता? तुमच्या कंपनीतले जुने अलार्मही ठरलेल्या बिघाडांनाच ओळखतात. एजंटचा खरा उपयोग इथे आहे. अलार्म वाजला की तो पुढचा प्रश्न स्वतः ठरवतो. नोंदी मागवतो, काल रात्री कोड कुणी बदलला ते पाहतो, शेकडो आलेख शेजारी ठेवून कोणते दोन एकाच क्षणी उसळले ते सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसारख्या सामायिक पद्धतींमुळे एजंटला अशा सेवांशी जोडणं सोपं झालं आहे. पहाटे तीनला झोपेतून उठलेल्या इंजिनिअरपेक्षा तो हे काम भराभर करेल, यात मला शंका नाही.

त्याच्या हाती कळ द्यायची का, हा प्रश्न निराळा. सप्टेंबर 2025 मध्ये गूगल डीपमाइंड, कॅलटेक आणि इटलीतल्या ग्रान सासो संस्थेनं ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. आरसे स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रणातूनच जो गोंगाट निर्माण होतो, तो यंत्रशिक्षणानं 30 ते 100 पट कमी करून दाखवला, आणि तोही लुइझियानातल्या लिव्हिंगस्टनच्या खऱ्या यंत्रावर. काम अस्सल आहे. मात्र ‘एआय आता लिगो चालवणार’ असा अर्थ त्यातून काढू नये. तो एका विशिष्ट नियंत्रण-चक्रापुरता, आधी संगणकी प्रतिकृतीवर कसून तयार केलेला नियंत्रक होता; गप्पा मारत निर्णय घेणारा एजंट नव्हे.

आणि 17 ऑगस्ट 2017 विसरून चालणार नाही. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी 6 वाजून 11 मिनिटांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर पृथ्वीवरून गेली. नेमका त्याच्या 1.1 सेकंद आधी लिव्हिंगस्टनच्या नोंदीत एक मोठा खटका उमटला. ‘ही नोंद खराब’ असं ठरवून स्वयंचलित प्रणालीनं ती बाजूला टाकली आणि संकेत एकट्या हॅनफर्डचा दाखवला. माणसांनी आलेख उघडून डोळ्यांनी पाहिला, तेव्हा खटक्याच्या आरपार जाणारी लहरीची रेघ स्वच्छ दिसली. तीन वेधशाळांच्या नोंदी एकत्र करून आकाशातली जागा आखली गेली आणि दुर्बिणींनी काही तासांतच एनजीसी 4993 या दीर्घिकेत त्या विलीनीकरणाचा प्रकाश गाठला. प्रणालीनं नियम बरोबर पाळला होता. पण खराब नोंद कायमची पुसून टाकायचा अधिकारही तिला दिला असता तर?

तेव्हा वाचकमित्रा, एजंट जरूर जोडा. पण आधी त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. सर्व्हर बंद-चालू करणं, कोड मागे घेणं यावर माणसाची सही राहू द्या. नोंदींमध्ये ग्राहकांनी टाकलेला मजकूरही येतो. त्यात कुणी मुद्दाम हुकूम लिहून ठेवला, तर एजंट तो खरा समजून पाळू शकतो. आधार क्रमांक, फोन नंबर नोंदींतून आधीच झाका. आणि परीक्षा घ्यायची तर लिगोसारखी घ्या. सप्टेंबर 2010 मध्ये मोजक्या लोकांनी, बाकी शास्त्रज्ञांना न सांगता, यंत्रात खोटा संकेत सोडला. सगळ्यांनी महिनोन्‌महिने राबून शोधनिबंध तयार केला आणि मार्च 2011 मध्ये गुपिताचं पाकीट फोडल्यावर कळलं, की ती चाचणी होती! असाच एक बिघाड गुपचूप पेरा आणि तुमचा एजंट काय कारण सांगतो ते पाहा.

आता दुधाळ्याकडे. तिथे होणाऱ्या लिगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळानं 6 एप्रिल 2023 रोजी 2600 कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. हे यंत्र चालू होईल तेव्हा त्याच्या वाहिन्यांवर कोणते ठोके उमटतील, ते हॅनफर्डच्या अनुभवावरून सांगता येणार नाही. या जिल्ह्यात 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी 4.5 तीव्रतेचे धक्के बसले आहेत, आणि पांगरा शिंदे गावच्या लोकांना जमिनीखालचे आवाज नवे नाहीत. इथल्या गोंगाटाची ओळख इथेच करून घ्यावी लागेल. हिंगोलीच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी प्रकल्प पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये. झूनिव्हर्स संकेतस्थळावरच्या ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ प्रकल्पात लिगोतले खटके ओळखायचं काम 2016 पासून सर्वांसाठी मोफत खुलं आहे. संगणकाच्या यादीत नसलेले काही प्रकार तिथे हौशी स्वयंसेवकांनीच शोधून दिले आहेत. मोबाइल आणि इंटरनेट असेल, तर आज संध्याकाळीच सुरुवात करता येईल.