ड्युटी लिस्टमधला शिकण्याचा तास

घाटकोपरच्या एका रुग्णालयात सेमिनार रूमच्या फरशीवर प्लास्टिकचे पुतळे आडवे ठेवले होते. बाहेरच्या केंद्रातून आलेला प्रशिक्षक सीपीआर शिकवायला एकेका सिस्टरला गुडघ्यांवर बसवत होता. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर ३० दाबांनंतर २ श्वास. आकडे सगळ्यांना पाठ. तरी आयसीयूत काम केलेल्या एका सिस्टरचे दाब उथळ पडत होते, पुतळ्यातला ‘टक्’ वाजेना. “सिस्टर, छाती पूर्ण वर येऊ द्या, मग दाबा.” दाब पूर्ण सुटला तरच हृदयात रक्त नीट परत भरतं. दोन मिनिटांनी हात बदलायचे, कारण दमलेला माणूस कमी दाबतो आणि ते त्याचं त्यालाच कळत नाही. पुढच्या फेरीत तिला ‘टक्’ सापडला, आणि शेजारणीचं कुठं चुकतंय तेही तीच सांगू लागली.

हे पुस्तकातून येत नाही. म्हणून तर बाहेरच्या केंद्राशी करार: पुतळे, प्रशिक्षक, प्रमाणपत्र त्यांचं, जागा रुग्णालयाची. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं सीपीआरचं कार्ड दोन वर्षंच चालतं, त्यामुळे हे चक्र थांबत नाही.

पदवीची वाट याहून अवघड. जीएनएम ही पदविका करून नोकरीला लागलेल्या नर्सला पोस्ट बेसिक बी.एस्सी.साठी दोन वर्षं कॉलेजात बसायचं, तर पगाराचं काय? इग्नू या मुक्त विद्यापीठाने १९९४ साली भारतीय परिचर्या परिषदेच्या सहकार्याने नोकरदार नर्सेससाठी दूरशिक्षणातून हाच अभ्यासक्रम सुरू केला. तीन वर्षांचा, प्रात्यक्षिकं नर्सिंग कॉलेजांतल्या अभ्यासकेंद्रांवर. एका संस्थेच्या आवाक्याबाहेरचं काम अशा भागीदारीतून होतं.

पण अडतं ते ड्युटी लिस्टपाशी. पुतळ्यांवरच्या त्या सत्राला आलेल्या दोघी नाइट करून, पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन थेट खाली आल्या होत्या. तिसरीला फेरी अर्धवट टाकून वॉर्डात पळावं लागलं, रिलीव्हर नव्हती. नाइट करून आलेल्या सिस्टरकडून नीट शिकण्याची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. प्रशिक्षणाचा वेळ ड्युटीतच धरला पाहिजे आणि तेवढ्यापुरती वॉर्डात बदली सिस्टर दिली पाहिजे. हे करारातच लिहून घ्यावं.

इन्चार्ज सिस्टरचं म्हणणं साधं होतं: एकच सत्र दोनदा घ्या, मॉर्निंगवाल्यांना दुपारी, इव्हिनिंगवाल्यांना सकाळी, आणि नाइटवालीला त्या दिवशी बोलावूच नका. दोनदा म्हणजे प्रशिक्षकाचे पैसेही जास्त. ते रुग्णालयाने द्यावेत.