डिस्कचं ऑपरेशन झालं, तरी कंबर का दुखते?

मणक्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाकडे भेटायला येणारे साधारण दोन जातींचे असतात. एक जात म्हणते, 'आता जन्मभर वाकायचं नाही हं!' दुसरी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगते, 'आमच्या साडूंनी केलं होतं, सहा महिन्यांत पुन्हा सुरू झालं.' त्या दिवशी पेशंट दोघांनाही हसून निरोप देतो. पण सहा महिन्यांनी एखाद्या सकाळी तोंड धुताना कंबरेत कळ आली की त्याला साडू आठवतात. मग तो झोपून राहतो, एमआरआय करतो, दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो, बेल्ट घेतो. यातलं बरंचसं टळू शकतं. त्यासाठी हे ऑपरेशन नेमकं कशासाठी होतं, ते एकदा नीट समजून घ्यावं लागतं.

गैरसमज : ऑपरेशन कंबरदुखीचं होतं. कंबर दुखते, म्हणजे ते फसलं.

दोन मणक्यांमध्ये जी गादी असते तिला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. कडं फाटून गर बाहेर आला की तो शेजारून जाणाऱ्या नसेला दाबतो, चेतवतो. मग कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. फुटलेल्या गादीचा आणि पायातल्या कळेचा हा संबंध बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी १९३४ साली आपल्या शोधनिबंधात स्पष्ट मांडला, आणि डिस्कच्या ऑपरेशनचा रस्ता तिथून मोकळा झाला.

तेव्हापासून आजतागायत या ऑपरेशनचं मुख्य लक्ष्य पाय हेच आहे. सर्जन नसेवर आलेला तुकडा काढतो. बाकीची गादी जागेवरच राहते. फाटलेलं कडं सहसा शिवलं जात नाही, ते व्रण धरून हळूहळू भरतं. आधी झिजलेली गादी ऑपरेशननंतरही झिजलेलीच असते, उलट थोडी आणखी चपटी होते, आणि मागच्या लहान सांध्यांवर जास्त भार येतो. ऑपरेशनसाठी बाजूला सारलेले आणि त्याआधी कित्येक महिने दुखण्यामुळे कामच न केलेले पाठीचे स्नायू अशक्त झालेले असतात. अशा कंबरेने एसटीत चार तास बसल्यावर कुरकुर केली, तर त्यात ऑपरेशनचा दोष शोधू नये. पाय मोकळा झाला असेल, तर ऑपरेशनने आपलं काम केलेलं आहे. ही गोष्ट पेशंटला ऑपरेशनच्या आधी सांगायला हवी. ओपीडीच्या गर्दीत ती बहुतेकदा राहून जाते, आणि पुढच्या निम्म्या मनस्तापाचं मूळ तिथेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे दुखणं दुर्मीळही नाही. कंबरेच्या मणक्यांची ऑपरेशनं झालेल्यांत पुढे काही ना काही दुखणं टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत १० ते ४० टक्के दिलेलं आढळतं.

गैरसमज : पुन्हा दुखलं, म्हणजे गादी पुन्हा सरकली.

तीच गादी त्याच जागी पुन्हा बाहेर येऊ शकते, हे खरं. साधारण ५ ते १५ टक्के पेशंटांत ते घडतं. कड्याला पडलेलं भोक मोठं असेल किंवा माणूस सिगारेट-विडी ओढत असेल, तर धोका वाढतो. पण म्हणजे बहुसंख्यांत ते घडत नाही.

फरक ओळखायचा तर आधी दुखण्याचा रस्ता पाहावा. कळ कंबरेत आणि फार तर कुल्ल्यापर्यंत आहे, सकाळी आखडतं, बसून उठताना धरतं आणि चार पावलं चाललं की सैल होतं, असं असेल तर तो बहुधा स्नायू-सांध्यांचा मामला. मधले काही महिने पाय छान होता आणि अचानक जुन्याच वाटेने, म्हणजे मांडीच्या मागून, पोटरीतून, करंगळीपर्यंत किंवा अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ उतरली, खोकलं-शिंकलं की ती वाढली, तर सर्जनला दाखवायला हवं. तेव्हाही लगेच ऑपरेशनची भाषा नको. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, असं अनेकांच्या बाबतीत दिसतं.

बधिरपणाची गोष्ट आणखी वेगळी. दबलेली नस सुटली तरी लगेच पूर्ववत होत नाही. इजा झालेले तंतू वाढतात ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे चप्पल पायातून कधी निसटली ते महिनोन्‌महिने का कळत नाही, ते समजेल. कळ आधी जाते, ताकद नंतर येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी हलतो. कधी थोडा कायमही राहतो.

आता एमआरआय. रिपोर्ट हातात पडला की घरातला इंग्रजी येणारा मुलगा मोठ्याने वाचतो, 'एल-फोर एल-फाइव्ह लेव्हलला डिफ्यूज डिस्क बल्ज, इंडेंटिंग द थिकल सॅक', आणि खोलीत शांतता पसरते. संध्याकाळपर्यंत रिपोर्टचा फोटो नात्यातल्या तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो. या माणसांनी १९९४ सालची एक अमेरिकन पाहणी ऐकायला हवी. कंबर कधीही न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. निम्म्याहून अधिक जणांची कुठली ना कुठली गादी फुगलेली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. २०१५ साली अशा अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा दुखणं नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. तेव्हा हे केस पांढरे होण्यासारखंच समजायचं.

त्यातून ऑपरेशन झालेल्या जागेचा एमआरआय सुंदर कधीच दिसत नाही. तिथे व्रण असतो. व्रण कुठला आणि नव्याने आलेला गर कुठला, हे ठरवण्यासाठी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन चित्र काढतात. व्रणाला रक्तपुरवठा असतो म्हणून तो उजळतो, गर उजळत नाही. म्हणून पायात नवी कळ नसताना स्वतःच्या मनाने साधा एमआरआय काढून आणण्यात पैसे जातात आणि भीती मात्र घरी येते.

गैरसमज : आता वाकायचं नाही, उचलायचं नाही, जपून राहायचं.

सगळ्यात जास्त नुकसान या जपण्याने होतं. सुरुवातीचे काही आठवडे सर्जनने घातलेली बंधनं पाळायचीच, त्यात तडजोड नाही. पण ती बंधनं तात्पुरती असतात, हे कोणी सांगत नाही. मग दोन वर्षं झाली तरी माणूस खाली पडलेला पेपर उचलायला नातवाला हाक मारतो.

१९९९ साली जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या गादीत दाब मोजणारं बारीक यंत्र बसवून त्याच्याकडून रोजच्या हालचाली करून घेतल्या. आडवं पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५. बसल्यावर तो जवळपास उभ्याइतकाच, किंचित कमीच. वीस किलोचं वजन पाठीची कमान करून उचललं तेव्हा २.३. तेच गुडघ्यात वाकून उचललं तेव्हा १.७. आणि तेच वजन छातीशी घट्ट धरून उभं राहिल्यावर १.१. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ नाहीत. पण दिशा कळते. 'गुडघ्यात वाका' हे सगळे सांगतात. वस्तू अंगाजवळ धरा, हे तितकंच महत्त्वाचं असून फारसं कोणी सांगत नाही. पाण्याची कळशी कडेवर घेणाऱ्या बायकांना ते न शिकवता येतं.

घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, टाकीचं लोखंड धरून एकूण ओझं तिसाच्या आसपास जातं. ते ऑपरेशन झालेल्याने उचलू नये. तिरपं करून कडेवर गरगर फिरवत नेण्याची जी आपली घरगुती पद्धत आहे, तीही पहिले काही महिने दुसऱ्या कोणीतरी करावी. पण पेपर, चप्पल, दुधाची पिशवी, भाजीची परडी हे सगळं वाकून उचलता आलंच पाहिजे. मांडी घालून बसणंही आयुष्यभरासाठी बाद झालेलं नसतं. सुरुवातीला खुर्ची आणि कमोड बरा. पुढे जमेल तसं पाटावर यावं.

व्यायामाने गादी निसटेल ही भीती तर सार्वत्रिक. डिस्कच्या ऑपरेशननंतरच्या व्यायामावर झालेले अभ्यास कोक्रेन या संस्थेने २०१४ साली एकत्र तपासले. चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू करणाऱ्यांचं दुखणं काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झालं, आणि व्यायामामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ आली, असा पुरावा मिळाला नाही. सुरुवात चालण्यापासून. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पोट, पाठ आणि कुल्ल्याचे स्नायू. पलंगावरून उठताना सरळ ताठ उठू नये. कुशीवर वळावं, दोन्ही पाय कडेवरून खाली सोडावेत आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या हाताने गादी दाबत धड वर आणावं. श्वास रोखायचा नाही. बऱ्याच जणांची सकाळची पहिली कळ एवढ्याने टळते.

गैरसमज : एकदा नाही जमलं, दुसऱ्यांदा करून टाकू.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पाठीची कथा इथे उपयोगी पडते. १९४४ साली त्यांच्या डिस्कचं ऑपरेशन झालं. दुखणं राहिलं. १९५४ मध्ये धातूची पट्टी बसवून मणके जोडले. जंतुसंसर्ग झाला, ते बेशुद्धीत गेले, अंतिम प्रार्थनेसाठी धर्मगुरूंना बोलवावं लागलं. १९५५ च्या फेब्रुवारीत ती पट्टी काढली. १९५७ मध्ये पू काढण्यासाठी पुन्हा टेबलावर. त्यानंतर इंजेक्शनांचा काळ. शेवटी १९६१ मध्ये हान्स क्राउस नावाचे डॉक्टर आले. त्यांनी राष्ट्राध्यक्षांना आठवड्यातून तीनदा व्हाइट हाउसमध्ये व्यायाम करायला लावला, आणि काही महिन्यांत केनेडींची पाठ बरीच सुधारली. पूर्ण बरी झाली असं नाही. १९६३ साली डलासमध्येही त्यांनी पाठीचा पट्टा बांधलेलाच होता. पण चार ऑपरेशनांनी जे दिलं नाही, त्यातलं काही व्यायामाने दिलं. जगातला उत्तमोत्तम सर्जन मिळू शकणाऱ्या माणसाची ही कथा.

दुसरं ऑपरेशन कधीच नको, असं मात्र नाही. पायात स्पष्ट कळ, तपासणीत तीच नस आणि चित्रातही तिथेच गर, असं तिन्ही जुळलं आणि औषध-विश्रांतीने भागलं नाही, तर त्याचा चांगला उपयोग होतो. मणके अस्थिर झाले असतील तर जोडावेही लागतात. नुसत्या कंबरदुखीसाठी किंवा नुसता व्रण काढायला पुन्हा उघडणं मात्र शहाणपणाचं नाही, कारण व्रण पुन्हा तयार होतो.

बाकीच्या किरकोळ समजुती

फळीवर झोपा म्हणतात. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ पेशंटांना कडक आणि मध्यम गाद्या देऊन पाहिलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मध्यम गादीवाल्यांना जास्त आराम पडला. बेल्ट प्रवासात आधार देतो, पण दुखणं परत येणं थांबवत नाही. दिवसरात्र बांधून ठेवू नये. कोमट तेलाचा हलका हात फिरवून घ्यायला हरकत नाही. पण 'मणका बसवून देतो' म्हणणाऱ्याला ऑपरेशनच्या जागेला हात लावू देऊ नये. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. साधी उसण चार दिवसांत आपोआप जाते, म्हणून श्रेय पायाळूला मिळतं. टाके घातलेल्या पाठीवर तो प्रयोग नको. प्रीगॅबालिनच्या गोळ्या सायटिकासाठी सर्रास लिहिल्या जातात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत, चक्कर मात्र जास्त आली. तरीही चालू गोळी एकदम तोडू नये, डॉक्टरांना विचारून उतरवावी.

आणि 'रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे दुखणं मनाचं' हे घरच्यांचं वाक्य. महिनोन्‌महिने कळ सोसलेल्या नसा आणि मेंदू हळवे होतात. थोड्याशा ताणालाही मोठी कळ उठवतात. दुखणं खरंच असतं. झोप न झाल्याने आणि काळजीने ते वाढतं, म्हणून झोप आणि मन यांकडे पाहणं हाही उपचारच. कंबर पुन्हा धरली तर दोन दिवस काम निम्म्यावर आणावं, शेक घ्यावा, पण घरातल्या घरात चालत राहावं.

इथे मात्र थांबू नका

लघवी तुंबली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर नसांचा गुच्छच दबलेला असू शकतो. यात तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. पाऊल वर उचलता येईनासं झालं, ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत ताप येऊन पाठ रात्रंदिवस ठणकू लागली, जखमेतून पाणी येऊ लागलं, किंवा उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखून आडवं झाल्यावर थांबू लागलं, तरी सर्जनला त्याच दिवशी गाठायचं. पहिल्या चार लक्षणांपैकी एकही दिसलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी रिक्षा करा आणि मणक्याचं ऑपरेशन होऊ शकेल अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.