घोड्यांना चिलटांच्या दंशाने होणारी खाज

पावसाळ्यात आयाळ आणि शेपटीचे मूळ झाडाच्या बुंध्याला घासून रक्तबंबाळ करून घेणारा घोडा पुष्कळांच्या पाहण्यात असेल. मालक बहुधा ती खरूज समजतो व अंगाला जळके तेल चोळतो. त्याने खाज तर शमत नाहीच, उलट कातडीची आग वाढते. टांगा, वरात किंवा धनगरांचे बिऱ्हाड यांसाठी ज्यांना घोड्यावर विसंबावे लागते, त्यांनी या विकाराचे खरे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

कारण

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात हा विकार पूर्वीपासून परिचित होता. तो चिलटांच्या दंशामुळे उद्भवणारा ॲलर्जीचा विकार आहे, असे आर. एफ. रीक यांनी १९५३ ते १९५५ या काळात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. ही चिलटे १ ते ३ मिलिमीटर लांबीची असतात. त्यांची मादीच रक्त शोषते. चिखल, ओलसर शेण व कुजका पाला यांत त्यांची पैदास होते.

दंश करताना चिलटाची लाळ कातडीत उतरते. काही घोड्यांचे शरीर या लाळेतील प्रथिनांना शत्रू मानून त्यांविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे कातडीतील मास्ट पेशींना चिकटून राहतात. पुढे पुन्हा दंश झाला, की त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते व थोड्याच वेळात गांधी उठतात. काही तासांनी इतर पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि दाह व खाज टिकून राहते. म्हणजे इजा चिलटापेक्षा शरीराच्या अतिरेकी प्रतिकारानेच अधिक होते.

आइसलंडचे उदाहरण

आइसलंडमध्ये जन्मलेले व मोठे झाल्यावर युरोप खंडात नेलेले घोडे या विकाराला फार बळी पडतात. त्याच जातीची, पण युरोपातच जन्मलेली शिंगरे मात्र तुलनेने कमी आजारी पडतात. लहानपणापासून दंश होत राहिल्यास शरीर ती लाळ सहन करण्यास शिकते, असा याचा अर्थ लावला जातो. आनुवंशिकतेचाही यात वाटा असतो.

ओळख

हा विकार दरवर्षी चिलटांच्या हंगामात उलटतो व हंगाम सरताच ओसरतो. तो एका जनावरापासून दुसऱ्यास लागत नाही. खरूज मात्र लागते. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी करून निदान निश्चित करून घ्यावे.

उपाय

१. पहाटे व सायंकाळी चिलटे अधिक चावतात. त्या वेळी घोडा पागेत बांधावा.
२. चिलटे दुबळी उडतात. वाऱ्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. वीज असल्यास पागेत पंखा लावावा.
३. मान व पाठ झाकणारी पातळ, दाट विणीची झूल घालावी.
४. उकिरडा पागेपासून दूर ठेवावा व साचलेले पाणी काढून द्यावे. मेंढ्यांच्या नीलजिव्हा रोगाचा प्रसारही चिलटेच करतात. त्यामुळे या स्वच्छतेचा लाभ कळपालाही होतो.
५. खाज शमविणारी स्टेरॉइड औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. त्यांच्या अतिवापराने खुरांना अपाय होऊ शकतो.
६. विकारग्रस्त घोडा वा घोडी पैदाशीसाठी वापरू नये.

हा विकार समूळ बरा करणारे औषध नाही. तथापि, हंगामापूर्वीच दक्षता घेतल्यास घोड्याचे हाल टळतात व तो कामास उपयोगी राहतो. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ही माहिती पावसाळ्यापूर्वी घोडेमालकांपर्यंत अवश्य पोहोचवावी.