सिमेंटची भट्टी आणि आपली फुफ्फुसे

नागपूरच्या मनीषनगरात आज जिकडे पाहावे तिकडे फ्लॅट स्कीम. शहरातले अनेक रस्तेही डांबराचे जाऊन सिमेंटचे झाले. विदर्भात सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या आहेत त्या चंद्रपूर जिल्ह्यात, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा या भागात. सिमेंटचे प्रदूषण म्हटले की आपल्याला आठवते ती धूळ. परंतु भट्टीच्या धुराड्यातून डोळ्यांना सहसा न दिसणारा एक त्रासदायक घटकही बाहेर पडतो. तो म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे.

ही तयार कशी होतात? चुनखडीचे क्लिंकर होण्यासाठी माल सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. त्यासाठी भट्टीतली ज्योत २००० अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेत हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी संयोग पावतात. कोळशातल्या नायट्रोजनचीही त्यात भर पडते. म्हणजे धूळ अडवणारी पिशव्यांची गाळणी कितीही चांगली असली तरी हा वायू तिच्यातून निसटतो. धुराडे स्वच्छ दिसले म्हणून हवा स्वच्छ आहे असे समजू नये.

शरीरावर काय परिणाम होतो?

यातला नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही. त्यामुळे नाकाघशात विशेष आग न होता तो थेट फुफ्फुसांत खोलवर जातो. तेथे श्वासनलिकांना सूज येते, दम्याचा त्रास वाढतो आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते. लहान मुले, वृद्ध व दम्याचे रुग्ण यांना याची झळ आधी लागते. कडक उन्हात याच वायूपासून ओझोन बनतो, तोही छातीला घातकच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. आपल्याकडे २००९ च्या मानकानुसार ती ४० आहे.

यावर उपाय आहेत का?

आहेत, आणि ते सिद्ध झालेले आहेत. ज्योतीला हवा बेताची व टप्प्याटप्प्याने दिली तर हा वायू मुळातच कमी तयार होतो. दुसरा उपाय शेतकरी बांधवांच्या ओळखीचा आहे : युरिया! सुमारे ८५० ते १०५० अंशांच्या टप्प्यात युरियाचे द्रावण किंवा अमोनिया फवारला की ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजन आणि पाणी होते. तापमान मात्र सांभाळावे लागते. ते कमी पडले तर अमोनियाच बाहेर निसटतो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या अधिसूचनेनुसार, २५ ऑगस्ट २०१४ नंतर सुरू झालेल्या भट्ट्यांना घनमीटरला ६०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जुन्या भट्ट्यांना रचनेनुसार ८०० किंवा १००० पर्यंत सूट आहे. म्हणजे जुन्या भट्टीशेजारी राहणाऱ्याच्या वाट्याला जास्त वायू येऊ शकतो, हे गावकऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपण काय करावे?

१) कारखान्याच्या विस्ताराआधी जनसुनावणी होते आणि तिची सूचना वर्तमानपत्रात किमान तीस दिवस आधी येते. तेथे धुळीबरोबरच नायट्रोजन ऑक्साइडांचे आकडे मागावेत आणि युरिया-अमोनियाची यंत्रणा रोज चालते का, हेही विचारावे.

२) रुमाल किंवा धुळीचा मास्क हा वायू अडवत नाही. त्यावर विसंबू नये.

३) वायूशी संबंध आल्यानंतर काही तासांनी दम लागू लागला तर कामगारांनी दुर्लक्ष न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे. फुफ्फुसांत पाणी उशिरा भरू शकते.

४) भट्टीपासून दूर असलेल्या मनीषनगरकरांनीही निर्धास्त राहू नये. हाच वायू डिझेलच्या गाड्यांतून आणि घरातल्या गॅसच्या शेगडीतूनही निघतो. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी आणि दम्याच्या मुलाला शेगडीजवळ बसवू नये.

५) सर्दी नसताना मुलाचा खोकला रात्री वाढत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर घरगुती काढ्यावर दिवस न काढता डॉक्टरांना दाखवावे.