घनसावंगी तालुका : इतिहास आणि स्थानिक भूगोल

तालुका हा महसुली व्यवस्थेने आखलेला घटक असतो. नद्या आणि मृदा त्या आखणीला बांधील नसतात. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचा विचार करताना ही बाब प्रकर्षाने लक्षात येते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर मुख्यतः जुन्या अंबड तालुक्यातून घनसावंगी वेगळा झाला. म्हणजेच तालुका म्हणून त्याचे वय अल्प आहे. वस्तीचा इतिहास मात्र जुना आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये येथील जांब या गावी झाला. समर्थांचे कार्यक्षेत्र पुढे कृष्णाखोऱ्यात राहिले, त्यामुळे चाफळ व सज्जनगड यांची चर्चा जितकी होते तितकी जांबची होत नाही. थोरले बंधू गंगाधरपंत जांबलाच राहिले, हेही सहसा विसरले जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील राममंदिरातील प्राचीन मूर्तींची चोरी झाली तेव्हा हे गाव राज्यभर चर्चेत आले. पुढे त्याच वर्षी तपासात मूर्ती हस्तगत झाल्या.

तालुक्याची दक्षिण सीमा गोदावरी आहे; पलीकडे बीड जिल्हा लागतो. भूस्तर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा. नदीकाठी खोल काळी जमीन आढळते, तर नदीपासून दूर उंचवट्यांवर ती उथळ व मुरमाड होत जाते. बेसाल्टमध्ये पाणी केवळ झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. म्हणून शेजारच्या दोन विहिरींपैकी एक उन्हाळ्यात टिकते आणि दुसरी कोरडी पडते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग उत्तरेकडील रांजणीला स्पर्श करतो, तालुक्याच्या ठाण्याला नाही. त्यामुळे तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव यांसारख्या बाजारगावांची भिस्त रस्त्यांवरच राहिली.

तालुक्याच्या अर्थकारणाचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली. त्याच्या डाव्या कालव्यामुळे कापूस, तूर, ज्वारीच्या या पट्ट्यात ऊस आला, साखर कारखानदारी आली. अलीकडच्या काळात गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ व राजाटाकळी येथे उच्च पातळी बंधारे झाले. परंतु धरणाचा जलसाठा नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पर्जन्यावर आणि तेथील धरणांतून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून आहे. स्थानिक पाऊस समाधानकारक असूनही कालवा कोरडा राहू शकतो, आणि याच्या उलटही घडते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, तरी प्रत्येक तुटीच्या वर्षी वाद न्यायालयापर्यंत जातो.

मोसंबीच्या बाबतीत ही अनिश्चितता अधिक घातक ठरते. ज्वारीचा हंगाम बुडाला तर पुढील वर्षी पुन्हा पेरता येते. मोसंबीची बाग वाळली तर नवी लागवड फळावर येण्यास किमान चार-पाच वर्षे लागतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांना वाळलेल्या बागा तोडाव्या लागल्या. २०१६ मध्ये ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने विहिरीची पातळी वाढत नाही. जिल्ह्याच्या सरासरी पर्जन्यावरून या तालुक्याचे वर्णन करणारी विद्यार्थ्यांची प्रकल्पकामे म्हणूनच अपुरी ठरतात. कालव्याच्या लाभक्षेत्रातील गाव आणि त्याबाहेरचे गाव यांची नोंद स्वतंत्रपणे घ्यावयास हवी.